बॉक्सरांची पुस्तकं आणि आपलं पासबुक

दुपारची कामं उरकली असतील तर रेडिओजवळ बसा, आणि उरकली नसतील तर भाजी निवडता निवडता ऐका. आज पुस्तकांबद्दल बोलायचं आहे. पुस्तकं बॉक्सरांची, म्हणजे मुष्टियोद्ध्यांची आत्मचरित्रं आणि चरित्रं.

आमच्या एका गटाच्या बैठकीत मी हा विषय पहिल्यांदा काढला तेव्हा बायका हसल्या. एक मावशी म्हणाल्या, "गावात मारामाऱ्या कमी होतात का, म्हणून आता पुस्तकातल्याही ऐकायच्या?" पण त्याच मावशींची नात आठवड्यातून तीन दिवस तालुक्याच्या क्रीडा संकुलात बॉक्सिंग शिकायला जाते. त्यावरून घरात रोज कुरबुर. बापाचं म्हणणं, पोरीचं नाक मोडलं तर पुढं काय? आईचं म्हणणं, आवडतंय तर जाऊ दे. मावशी मधल्या मध्ये. त्यांना सल्ला द्यायला मी काही खेळाडू नाही. म्हणून मी ठरवलं, ज्यांनी हे आयुष्य काढलंय त्यांचीच पुस्तकं वाचून दाखवू. बचत गोळा झाली, हप्ते जमा झाले, सह्या झाल्या की शेवटची वीस मिनिटं पुस्तकाची. असं करत वर्षभरात बरंच वाचून झालं.

बॉक्सरांची पुस्तकं कळायला बॉक्सिंग यावं लागत नाही. कुस्तीसारखेच इथे वजनगट असतात, ठरावीक मिनिटांच्या फेऱ्या असतात आणि दोन फेऱ्यांमध्ये मिनिटभर विश्रांती. ऑलिम्पिकसारख्या स्पर्धेत फेऱ्या थोड्या आणि जिंकणाऱ्याच्या गळ्यात पदक. व्यावसायिक लढतीत फेऱ्या दहा, बारा, पूर्वी पंधरासुद्धा, आणि तिथे मिळतो पैसा. हा फरक ध्यानात ठेवला की निम्मं पुस्तक समजतं, कारण जिथे पैसा येतो तिथे मॅनेजर, आयोजक आणि वाटेकरीही येतात. लढतींची लांबलचक वर्णनं कंटाळवाणी वाटली तर खुशाल पानं उलटा. मीही उलटते. माझं काम सहयोगिनीचं, गटांच्या वह्या तपासायचं. त्यामुळे माझं लक्ष ठोशांपेक्षा हिशेबावर जास्त जातं. पैसे कुणी दिले, कुणी ठेवून घेतले, घर कुणी सांभाळलं आणि शेवटी त्या माणसाच्या हातात काय उरलं, हे मी शोधत बसते.

सुरुवात मेरी कोमच्या पुस्तकापासून करावी असं माझं स्पष्ट मत आहे. 'अनब्रेकेबल' हे तिचं आत्मचरित्र 2013 साली निघालं. दीना सेर्तो यांच्या मदतीनं ते लिहिलंय. पुस्तक लहान आहे आणि इंग्रजी सोपं. बारावीतल्या मुलीला अडखळत का होईना वाचता येतं. आमच्याकडे एका सभासदाच्या मुलीनं ते मोठ्यानं वाचलं आणि मी मराठीत सांगत गेले.

मेरीचं मूळ नाव मांगते चुंगनेइजांग. मणिपूरमधल्या चुराचांदपूर जिल्ह्यातलं कांगाथेइ हे तिचं गाव. आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबणारे. ही थोरली, म्हणून भावंडांना सांभाळायचं, सरपण आणायचं, शेतात मदत करायची आणि मग शाळा. हे प्रकरण वाचलं तेव्हा आमच्या बायका हसायच्या थांबल्या. त्यातलं एकही काम त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. 1998 साली मणिपूरच्याच डिंको सिंगनं बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत बॉक्सिंगचं सुवर्णपदक आणलं, आणि तिथल्या पोरापोरींना वाटायला लागलं की हा रस्ता आपल्यालाही खुला आहे. मेरी त्यातलीच एक. इंफाळला ती आधी मैदानी खेळांसाठी गेली होती. तिथे प्रशिक्षक कोसाना मैतेई यांच्याकडे बॉक्सिंग शिकू लागली. घरी मात्र अक्षरही बोलली नाही.

2000 साली तिनं राज्य स्पर्धा जिंकली आणि वर्तमानपत्रात फोटो छापून आला. वडिलांना लेक बॉक्सिंग करते हे कळलं ते त्या फोटोवरून. वडील तरुणपणी स्वतः कुस्ती खेळलेले. तरी पहिला आक्षेप काय, तर तोंडाला इजा झाली तर लग्न कसं होणार! मावशींच्या घरातलंच बोलणं इतक्या लांब, डोंगरापलीकडच्या एका घरात जसंच्या तसं झालेलं. त्या दिवशी मावशी काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या बैठकीला सुनेला घेऊन आल्या.

पुढचा भाग सगळ्यांना थोडाफार माहीत असतो. 2001 साली महिलांची पहिली जागतिक स्पर्धा अमेरिकेत झाली, तिथे मेरीला रौप्य. 2002 ला सुवर्ण, मग 2005 आणि 2006 लाही. मला स्वतःला या पदकांपेक्षा त्यानंतरची पानं जास्त महत्त्वाची वाटतात. ऑगस्ट 2007 मध्ये तिला जुळे मुलगे झाले, सिझेरियन करून. लोकांनी धरून चाललं की आता हिचं संपलं. सिझेरियननंतर वाकून बादली उचलताना पोटात कळ येते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको की रिंगमध्ये उतरणं म्हणजे काय. 2008 मध्ये ती परत उतरली. त्याच वर्षी चीनमध्ये जागतिक स्पर्धा झाली, तिथे तिनं लागोपाठचं चौथं सुवर्णपदक मिळवलं. पुढे 2011 साली जुळ्यांतल्या एकाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. तेव्हा नवरा बाळाजवळ थांबला आणि ती स्पर्धेसाठी चीनला गेली. आमच्या बैठकीत यावर वीस मिनिटांच्या ठिकाणी तासभर चर्चा झाली. दोघी म्हणाल्या, आईनं जायला नको होतं. एक जण म्हणाली, बाप बाळाजवळ असताना आईला कशाला विचारता, बाप परगावी कामाला जातो तेव्हा त्याला कुणी विचारतं का? मी मध्ये पडले नाही. पण सांगायचं झालं तर मी त्या तिसऱ्या बाईच्या बाजूची.

घर सांभाळणाऱ्या त्या नवऱ्याबद्दल मेरीनं पुस्तकात फार मायेनं लिहिलंय. पुढे ती दोघं वेगळी झाली, आणि तेही मेरीनं स्वतः जाहीर केलं. म्हणून पुस्तक खोटं ठरत नाही. पासबुकात ज्या तारखेपर्यंत नोंदी आहेत त्या तारखेपर्यंतचाच हिशेब ते सांगतं. या पुस्तकात 2018 सालचं दिल्लीतलं तिचं सहावं जागतिक सुवर्णपदकही नाही, कारण ते पाच वर्षांनंतरचं. तेव्हा ती तीन मुलांची आई होती. पुस्तकाबद्दल माझी एकच तक्रार आहे. काही जागी दोन पानं लिहायला हवी होती तिथे दोन ओळींत आटोपलंय. घाई झाल्यासारखी वाटते.

2012 साली लंडनला महिलांचं बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच आलं. वजनगट तीनच होते आणि सगळ्यात हलका 51 किलोचा. मेरी आधी 46 आणि 48 किलोत लढायची. म्हणजे वजन वाढवून, आपल्याहून उंच आणि दांडग्या मुलींशी लढायचं होतं. तिची पहिली लढत झाली 5 ऑगस्टला, जुळ्यांच्या पाचव्या वाढदिवशी. ती जिंकली. उपांत्य फेरीत मात्र इंग्लंडच्या निकोला ॲडम्सनं तिला हरवलं आणि मेरीला कांस्यपदक मिळालं.

या निकोला ॲडम्सचंही आत्मचरित्र आहे, 'बिलीव्ह' नावाचं. मेरीचं वाचून झालं की ते घ्या. एकाच लढतीत समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोघी जणी, आणि दोघींची घरं किती वेगळी! निकोला लीड्स शहरातली. आईला व्यायामाच्या वर्गाला जायचं होतं, मुलांना सांभाळायला कुणी मिळालं नाही, म्हणून ती मुलांना बरोबर घेऊन गेली. त्या इमारतीत लहान मुलांचा बॉक्सिंगचा वर्ग होता, त्यात निकोलाला सोडलं. असा योगायोग. इंग्लंडसारख्या देशातही हौशी बॉक्सिंगमध्ये बायकांवरची बंदी उठली ती 1996 साली, हे वाचून मला आश्चर्य वाटलं होतं. तेराव्या वर्षी ती पहिली लढत जिंकली आणि पुढची लढत मिळायला चार वर्षं गेली, कारण समोर उभी राहायला मुलगीच नव्हती. पोटासाठी तिनं बांधकामावरची कामं केली, टीव्हीवरच्या मालिकांत गर्दीत उभी राहिली. शेवटी ऑलिम्पिकमधलं महिला बॉक्सिंगचं जगातलं पहिलं सुवर्णपदक तिच्या गळ्यात पडलं. आधी आई, मग सरकारी मदत, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता जुन्या काळातल्या अमेरिकेत जाऊ. 1929 नंतर तिथे मोठी मंदी आली. कारखाने बंद, बँका बुडाल्या, धडधाकट माणसं भाकरीच्या रांगेत. जेम्स ब्रॅडॉक हा बॉक्सर त्यातलाच. हात मोडलेले, लढती मिळेनात, घरात बायको मे आणि तीन लेकरं. तो बंदरावर हमाली करायला लागला. तीही रोज मिळायची नाही. शेवटी त्यानं सरकारी मदत घेतली, आपल्याकडे दुष्काळात घेतात तशी. उजवा हात दुखरा म्हणून हमालीत डावा हात वापरावा लागला आणि त्या डाव्या हाताला अशी ताकद आली की पुढे तोच कामाला आला. 1934 मध्ये अगदी ऐनवेळी मिळालेली एक लढत तो जिंकला, आणि 13 जून 1935 रोजी मॅक्स बेअरला हरवून थेट जगज्जेता झाला. जेरेमी शाप यांचं 'सिंड्रेला मॅन' हे त्याचं चरित्र 2005 साली आलं. याच नावाचा सिनेमाही आहे, तो मोबाइलवर बघितला असेल कुणी.

आमच्या बायकांना यातलं काय आवडलं असेल? पैसे हातात आल्यावर ब्रॅडॉकनं घेतलेली सरकारी मदत परत केली! ते कर्ज नव्हतं, कुणी वसुलीला आलं नव्हतं, तरी परत केली. परतफेड म्हटलं की गटातल्या बाईचे कान लगेच टवकारतात. पण इथे मी एक सांगते. ज्या घरातून परतफेड होत नाही ते घर नालायक, असा अर्थ या गोष्टीतून कुणी काढू नये. ब्रॅडॉकला लढत मिळाली म्हणून तो देऊ शकला. बंदरावरच्या त्याच्या शेजारच्या हमालाला कोण लढत देणार होतं?

ब्रॅडॉकला 1937 साली ज्यानं हरवलं तो जो लुईस. त्यानंही मदतीचे पैसे परत केले होते. त्याचं कुटुंब डेट्रॉइटमध्ये सरकारी मदतीवर जगलं होतं. लढती जिंकायला लागल्यावर त्यानं ती रक्कम फेडली. लुईसचं आत्मचरित्र 'माय लाइफ' 1978 सालचं. कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या कुटुंबातला पोर, आई लिली त्याला घेऊन अलाबामाहून डेट्रॉइटला आली. पोरानं व्हायोलिन शिकावं म्हणून ती काटकसर करून शिकवणीचे पैसे द्यायची, आणि हा त्या पैशांत बॉक्सिंगच्या व्यायामशाळेत जायचा. आईला कळलं तेव्हा तिनं विरोध केला नाही. पुढे हा पोरगा 1937 ते 1949 जगज्जेता राहिला.

आणि एवढं कमावून त्याच्या हाती काय राहिलं? या पुस्तकाचा शेवटचा भाग प्रत्येक गटाच्या सचिवानं वाचावा. लुईसचे पैसे दुसरेच सांभाळायचे. मॅनेजर, आयोजक यांचे वाटे आधी जायचे. हा स्वतः उदार, कुणी मागितलं की दिलं. 1942 साली युद्ध चालू असताना त्यानं दोन लढतींची कमाई सैनिकांच्या आणि नौदलाच्या मदतनिधीला देऊन टाकली. पण कर खात्यानं ती त्याचीच कमाई धरली. त्यावर कर, कर थकला म्हणून व्याज, व्याजावर आणखी व्याज. आकडा वाढत वाढत दहा लाख डॉलरच्या वर गेला. 1953 साली आई वारली. तिनं त्याच्यासाठी मागे ठेवलेले 667 डॉलरसुद्धा कर खात्यानं घेतले. मंगळसूत्र गहाण टाकून पोराची फी भरणाऱ्या बाया माझ्या समोर बसल्या होत्या, त्यांना हा आकडा मी दोनदा वाचून दाखवला. म्हातारपणी तो लास व्हेगासच्या एका जुगारघरात येणाऱ्या पाहुण्यांचं स्वागत करायला उभा असायचा.

लुईसला निदान सही करता येत होती. सनी लिस्टन या बॉक्सरला लिहिता-वाचताच येत नव्हतं. डेव्हिड रेमनिक यांचं 'किंग ऑफ द वर्ल्ड' हे 1998 चं पुस्तक मुहम्मद अलीवर आहे, पण त्यातली लिस्टनची आणि फ्लॉइड पॅटरसनची प्रकरणं मला अलीपेक्षाही जास्त लागली. लिस्टन एका शेतमजुराच्या भल्यामोठ्या लेकुरवाळ्या घरातला. त्याच्या जन्माची पक्की तारीखच कुणाला ठाऊक नाही. तुरुंगात गेला, तिथे बॉक्सिंग शिकला. बाहेर आला तो गुंडांच्या हातात. कागद त्यांचे, करार त्यांचे, आणि हा नुसता लढायचा. आपल्याकडे अजूनही कुठल्या तरी फायनान्स कंपनीचा माणूस येतो, कोऱ्या अर्जावर अंगठा घेतो आणि हप्ता सुरू झाल्यावर बाईला कळतं की कर्ज तिच्या नावावर आहे. अशी दोन प्रकरणं मी स्वतः निस्तरली आहेत. त्यामुळे लिस्टनचं प्रकरण वाचताना तो मला बॉक्सर वाटलाच नाही.

पॅटरसन त्याच्या उलट. शांत, घाबरट म्हणावा इतका हळवा. लहानपणी घरातल्या फोटोतल्या स्वतःच्या तोंडावर त्यानं फुल्या मारल्या होत्या, हा मुलगा मला आवडत नाही असं आईला सांगत. हाच पुढे जगज्जेता झाला. 1962 मध्ये लिस्टनकडून हरल्यावर लोकांना तोंड दाखवायला नको म्हणून खोटी दाढीमिशी लावून निघून गेला. ती दाढीमिशी त्यानं हरण्याच्या आधीच तयार ठेवली होती. मनाचं दुखणं सांगायला लाज वाटते अशी माणसं आपल्या प्रत्येक वाडीत आहेत, त्यांच्या घरच्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

आता अली. अलीवर इतकी पुस्तकं आहेत की कुठून सुरुवात करावी कळत नाही. त्याचं स्वतःचं आत्मचरित्र 'द ग्रेटेस्ट' 1975 साली आलं. ते त्याच्याकडून ऐकून लिहिलं रिचर्ड डरहॅम यांनी. हे गृहस्थ काळ्या माणसांच्या जीवनावर रेडिओसाठी लिहिणारे, म्हणजे आपल्याच बिरादरीतले! आणि पुस्तकाचं संपादन केलं टोनी मॉरिसन यांनी, ज्यांना पुढे 1993 साली साहित्याचं नोबेल मिळालं. पुस्तक वाचायला जोरदार आहे. अलीची आई ओडेसा गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक आणि धुणीभांडी करायची, वडील पाट्या रंगवायचे. बाराव्या वर्षी त्याची सायकल चोरीला गेली, चोराला बदडतो म्हणत रडत गेला तर पोलिसानं सांगितलं, आधी लढायला तर शीक. तो पोलीसच बॉक्सिंग शिकवणारा निघाला.

पण याच पुस्तकात एक गोष्ट आहे. 1960 चं ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकून तो गावी आला, हॉटेलात काळा म्हणून जेवण दिलं नाही, तेव्हा संतापून त्यानं पदक ओहायो नदीत फेकलं. जगभर ही गोष्ट सांगितली जाते. नंतरच्या चरित्रकारांनी जवळच्या माणसांना विचारलं तर निघालं असं की पदक हरवलं होतं. हॉटेलात काळ्यांना जेवण नाकारणं मात्र खरंच होतं, ते त्या गावात नेहमीचं होतं.

म्हणूनच मी आमच्या गटात सांगते, आत्मचरित्र हे सभासदाचं पासबुक आणि चरित्र हे गटाचं लेजर. दोन्ही समोरासमोर ठेवायचे. नोंद जुळली तर उत्तम, नाही जुळली तर भांडायचं नाही, का जुळली नाही ते शोधायचं. अलीचं लेजर पाहायचं तर थॉमस हाउझर यांचं 'मुहम्मद अली: हिज लाइफ अँड टाइम्स' हे 1991 चं पुस्तक घ्या. त्यात शेजारी, प्रशिक्षक, बायका, प्रतिस्पर्धी, डॉक्टर, सगळे आपापल्या तोंडानं बोलतात. गावच्या पारावर बसून ऐकल्यासारखं वाटतं. जोनाथन आयग यांचं 2017 चं 'अली: अ लाइफ' जाडजूड आहे, पण त्यात त्यांनी एक काम केलंय जे आधी कुणी केलं नव्हतं. जुन्या लढतींच्या चित्रफिती लावून अलीनं किती ठोसे खाल्ले ते मोजून घेतलं. त्याच्या जुन्या मुलाखतींचा अभ्यास केलेल्या शास्त्रज्ञांना आढळलं की 1968 ते 1981 या काळात त्याच्या बोलण्याचा वेग 26 टक्क्यांनी मंदावला होता. कंपवाताचं निदान झालं 1984 साली. म्हणजे दुखणं आधीपासून डोकं वर काढत होतं आणि माणूस लढत होता, कारण त्याच्या लढण्यावर बरीच घरं चालत होती. युद्धावर जायला नकार दिला म्हणून 1967 मध्ये त्याचा किताब काढून घेतला, साडेतीन वर्षं लढू दिलं नाही. ती ऐन जवानीची वर्षं. पुढे सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला, पण वर्षं कोण परत देणार?

त्या बंदीच्या काळात जो फ्रेझिअर या बॉक्सरनं अलीला मदत केली होती. नंतर लढत ठरली की प्रसिद्धीसाठी अली त्यालाच गोरिला म्हणायचा. अली मला आवडतो, पण हे नाही आवडत. फ्रेझिअरचं 'स्मोकिन जो' हे 1996 चं आत्मचरित्र वाचलं की त्याच्या मनात ते किती खोल रुतलं होतं ते कळतं. फ्रेझिअर शेतमजुराचा मुलगा, कत्तलखान्यात काम केलेला. एका डोळ्यानं त्याला नीट दिसत नव्हतं, आणि ही गोष्ट त्यानं कितीतरी वर्षं लपवून ठेवली. 1975 सालच्या मनिलाच्या लढतीत चौदा फेऱ्या झाल्यावर दुसराही डोळा सुजून बंद झाला, तेव्हा त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला पंधराव्या फेरीला उठू दिलं नाही. फ्रेझिअरला उठायचं होतं. आपल्या मुलीला बॉक्सिंगला घालणाऱ्या आईनं प्रशिक्षक कसा निवडावा, तर असा. पदकाआधी डोळा बघणारा.

अलीची मुलगी लैला हीसुद्धा जगज्जेती बॉक्सर, आणि तिचं 'रीच' नावाचं पुस्तक आहे. मुलीनं या खेळात येऊ नये असं सुरुवातीला खुद्द अलीला वाटत होतं. बाप जगज्जेता असला तरी बापच की हो!

शेवटी माइक टायसन. 'अनडिस्प्युटेड ट्रुथ' हे 2013 चं त्याचं पुस्तक खूप खपलं, म्हणून बोलते. हे मी बैठकीत वाचून दाखवलं नाही. भाषा शिवराळ आहे, व्यसनं, हिंसा सगळं उघडंवाघडं आहे. लहानपणी पाळलेल्या कबुतराची मान एका मोठ्या मुलानं मुरगळली म्हणून त्यानं आयुष्यातली पहिली मारामारी केली, हे वाचून गलबलतं. विसाव्या वर्षी जगज्जेता, कोट्यवधी डॉलरची कमाई आणि 2003 साली दिवाळखोरी, हेही खरं. पण 1992 साली बलात्काराच्या गुन्ह्यात त्याला शिक्षा झाली, तुरुंगवास झाला, आणि पुस्तकात तो तो गुन्हा नाकारतो. पुस्तक त्याचं आहे, त्यामुळे त्याचंच म्हणणं आपल्या कानावर पडत राहतं. न्यायालयात साक्ष द्यायला उभी राहिलेली अठरा वर्षांची मुलगी त्या पानांवर त्याच्या शब्दांत येते. वाचायचं तर हे लक्षात ठेवून, मोठ्या वयाच्या बाईनं वाचावं. शाळकरी मुलीच्या हातात देऊ नये असं मला वाटतं. आमच्यातल्या काही जणींना हे पटत नाही, त्या म्हणतात मुलींना कळू दे. असेलही.

आता पुस्तकं मिळवायची कशी? तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात मागणीची वही असते, तिच्यात नाव लिहा. एकटीनं लिहिण्यापेक्षा गटाच्या दहाजणींनी लिहिलं तर लवकर दखल घेतात. शहरात जुन्या पुस्तकांच्या दुकानात निम्म्या किमतीत मिळतात. गटाच्या पैशातून घ्यायचं असेल तर आधी बैठकीत ठराव करा, इतिवृत्तात नोंद करा आणि पावती लावा. नाहीतर पुढच्या लेखापरीक्षणाला मलाच उत्तर द्यावं लागेल. एकच पुस्तक घेणार असाल तर मेरी कोमचं. दोन घेणार असाल तर दुसरं हाउझरचं. ज्यांच्या घरात कर्जाचा विषय निघाला की ताटं आपटतात त्यांनी आधी 'सिंड्रेला मॅन'.

पुढच्या मंगळवारी याच वेळी आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांबद्दल बोलू. ते सैन्यात बॉक्सर होते, 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं आणि 1972 साली हायडेलबर्गला पोहण्यात त्यांनी भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवलं. कुणाच्या घरात त्यांच्याबद्दलची जुनी कात्रणं असतील तर सोमवारपर्यंत रेडिओ केंद्रावर आणून द्या. मूळ कात्रण परत मिळेल. नमस्कार.